टाकी भरलेली, मग दिवा कशाला?

प्रश्न : स. न. वि. वि. मी इंदूरला सुदामानगरात राहते. शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. गाडी यजमानांनी हौसेनं घेतलेली, युरोपीय कंपनीची, पेट्रोलची. साडेनऊ वर्षं आणि ७८ हजार किलोमीटर झालेत. ते गेले तेव्हापासून मीच चालवते. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली आणि एका सकाळी गाडी सुरू करताच मीटरवर लाल थर्मामीटरचं चित्र, तीनदा टूं-टूं आणि खाली सूचना, की गाडी थांबवा, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) तपासा. तिथेच बंद केली. बॉनेट उघडून पाहिलं तर कूलंट दोन्ही रेघांच्या मध्ये, अगदी व्यवस्थित.

पहिल्या गॅरेजवाल्यानं थोडं कूलंट ओतलं, टाकीखालचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून परत लावला. पैसे घेतले नाहीत. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी दिवा हजर. मग मीच घरच्या आरओचं पाणी दोन-तीनदा घातलं. त्यानंतर झाकणाभोवती गुलाबी ओघळ दिसायला लागले. दुसऱ्या गॅरेजनं ते ओघळ बघून सांगितलं, गळती आहे, वॉटर पंप, टाकी, थर्मोस्टॅट सगळं बदलू, २२ हजार. तिसरा म्हणाला मीटरच गेलंय. चौथा सगळ्यांत हुशार निघाला : ‘मॅडम, दो तार जोड देता हूँ, जिंदगीभर लाइट नहीं आएगी.’

सवयीनं वहीत नोंद ठेवली आहे. ५ आठवड्यांत दिवा १९ वेळा लागला. त्यांतले १६ वेळा सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना, आणि १०-१५ मिनिटांत आपोआप गेला. दोनदा रात्री लग्नाहून परतताना, गाडी तीन-चार तास उघड्यावर उभी होती तेव्हा. एकदा गाडी धुतल्यावर लगेच. दुपारी असा कधीच नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला नातवाची मुंज आहे, गाडीनंच जायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, आई, दिवा खोटा आहे, लक्ष देऊ नकोस. काय करू?

— एक वाचक भगिनी, इंदूर (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : ताई, चार गॅरेजांनी मिळून जे केलं नाही ते तुमच्या वहीनं केलंय. सकाळी १६ वेळा आणि दुपारी शून्य, एवढ्यावर मी घरबसल्या निदानाच्या बराच जवळ पोचतो. पण मुलाचं म्हणणं आत्ताच मान्य करू नका. दिवा खोटा असेल, बहुधा आहेच, फक्त तो खोटा असल्याचं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. टाकीकडे एक नजर टाकली म्हणजे सिद्ध झालं असं नाही. हे मला महागात पडून कळलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

२००९ चा मे महिना. छावणीतल्या माझ्या गॅरेजवर एक गिऱ्हाईक नेमका हाच दिवा घेऊन आलं. टाकी जुनी, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. बाहेरून बघितलं तर पाण्याची रेघ मधोमध. म्हटलं, सेन्सर गेला. दोन तारा जोडल्या, दिवा गेला, गिऱ्हाईक चहा पिऊन खूश होऊन गेलं. होय, तुमच्या चौथ्या मिस्त्रीनं जे सुचवलं तेच मी केलं होतं. पंधरा दिवसांनी तो माणूस बायका-मुलांना घेऊन महेश्वरहून धामणोदमार्गे परत येत होता. मानपूरच्या अलीकडचा घाट चढताना इंजिन ओढेना, मग खडखड, मग बंद. तापमानाचा काटा मात्र शेवटपर्यंत मधोमध उभा. गाडी ओढून आणली, गार झाल्यावर टाकी उघडली, आत थेंब नव्हता. मी ज्याला पाण्याची रेघ समजलो होतो तो जुन्या कूलंटचा तपकिरी डाग होता, बोअरिंगच्या पाण्याच्या बादलीला आतून पांढरी कड धरते ना, तसा. इंजिनामागचा एक होज पाइप फक्त तापल्यावर पाझरत होता आणि पाझरलेलं गरम लोखंडावरच वाळून जात होतं, म्हणून जमिनीवरही खूण नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं. खर्च मी भरला. माणूस भला, भांडला नाही, त्याचंच जास्त लागलं.

काटा का हलला नाही, हे लोकांना पटत नाही म्हणून सांगतो. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच कूलंटचं तापमान सांगतो. कूलंटच नसेल तर तो वाफेत आणि हवेत लोंबकळतो आणि वाटेल ते दाखवतो. शिवाय तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत काटा ९० वर मुद्दाम धरून ठेवलेला असतो. खरं तापमान ८५ असो की १००, चालवणाऱ्यानं उगाच घाबरू नये म्हणून काटा जागचा हलत नाही. म्हणजे कूलंट खरंच गेलं तर आधी बोंब मारणारा हा पातळीचाच दिवा. त्याला गप्प करण्याआधी त्याचं ऐकून घ्यायचं.

आता कामाला लागू. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. टाकीच्या मागून टॉर्चचा प्रकाश टाका. मग कोणाला तरी बंपरवर हात टेकून गाडी हलवायला सांगा. खरी पातळी हिंदकळते, डाग हिंदकळत नाही. २००९ नंतर ही एक गोष्ट केल्याशिवाय मी कुठल्याही टाकीबद्दल तोंड उघडलेलं नाही. पातळी खरी निघाली की तिच्या बरोबरीनं चिकटपट्टीचा तुकडा लावा, वर तारीख टाका आणि पुढचे ८ दिवस त्याच जागी, त्याच वेळी, गार गाडीत बघा. वहीत अजून एक रकाना.

त्याच जागी आणि त्याच वेळी असा आग्रह का, हे तुम्हाला सांगायला मजा येईल, तुम्ही गणिताच्या. तुमच्या गाडीत सगळं मिळून साधारण सहा लिटर कूलंट असेल. २० अंशांवरून ९० वर जाताना ते जवळजवळ पाव लिटर फुगतं. ते पाव लिटर जाणार कुठे? याच टाकीत. म्हणून गरम गाडीत बघितलेली पातळी आणि गार गाडीत बघितलेली पातळी यांची तुलना करायचीच नाही. दुपारी धुळ्यात बघून ‘वाढलं’ आणि सकाळी घरी बघून ‘कमी झालं’ म्हणणारे कितीतरी जण माझ्याकडे येऊन गेले.

तुमचे ते गुलाबी ओघळही यातलेच. दिवा लागला की ओता, परत लागला की परत ओता, असं करत टाकी वरच्या रेघेच्या पुढे गेली. गाडी तापल्यावर फुगायला जागा उरली नाही, दाब वाढला आणि झाकणातल्या झडपेनं जादाचं बाहेर टाकलं. तिचं कामच ते. मग ओघळ बघून दुसऱ्याला गळती दिसली आणि २२ हजारांची यादी तयार झाली. तो माणूस लबाड असेलच असं मी म्हणणार नाही, ओघळ खरेच होते. फक्त ‘हे कधीपासून?’ एवढं विचारलं असतं तर उत्तर तुमच्याकडे होतं. खात्री करायची तर गार गाडीत झाकणाच्या जागी हातपंप लावून एक बारपर्यंत दाब देतात आणि १५-२० मिनिटं पंपावरचा काटा उतरतो का ते बघतात. बऱ्या गॅरेजमध्ये हा पंप असतो. तो न लावता वॉटर पंप बदला म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

झाकणाचा विषय निघालाच आहे. गरम गाडीत त्याला हात लावायचा नाही, टॉवेल धरूनही नाही. आत बारभर किंवा जास्त दाब असतो, त्यामुळे कूलंट १२० अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळतं. आपलं इंदूर तर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळायला लागतं.

समजा आठ दिवस पातळी चिकटपट्टीला चिकटून राहिली. पॅसेंजरच्या पायाखालची सतरंजी ओली नाही, एसीतून गोडसर वास नाही, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर नाही. मग म्हणा की दिवा खोटा. आणि आता प्रश्न बदलतो : खोटं बोलतंय कोण? टाकीतला सेन्सर, कपलर, वायर की मीटर?

पातळी ओळखायच्या दोन पद्धती जास्त चालतात. एकीत टाकीच्या आत छोटा तरंगता भोपळा असतो, त्यात लोहचुंबक. भोपळा खाली आला की चुंबक एका बारीक स्विचसमोर येतो. हा भोपळा गाळात अडकतो किंवा त्यात पाणी शिरून बुडतो. दुसऱ्या पद्धतीत हलणारं काहीच नसतं. टाकीच्या बुडातून दोन धातूच्या काड्या आत आलेल्या असतात आणि त्यांच्यामधून कूलंटमार्गे बारीकसा करंट जातो. करंट गेला तर कूलंट आहे, नाही गेला तर नाही. तुम्ही लिहिलंय की कपलर टाकीच्या खाली आहे, म्हणजे तुमचा प्रकार बहुधा काड्यांचा. टॉर्चनं आत दिसतील.

आता तुमच्या वहीकडे येतो. दिवा गारठ्यातच का? दोन कारणं संभवतात. एक, थंडीत कूलंट आकसतं. पहाटे दहा अंश असताना त्याच सहा लिटरांची पातळी दुपारच्या मानानं थोडी उतरते, आणि आधीच खालच्या रेघेवर असेल तर दिवा लागतो. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे येणारे निम्मे दिवे असेच असायचे आणि अर्ध्या कपात बरे व्हायचे. पण तुम्ही तर वरच्या रेघेच्या पुढे भरलंय आणि तरी दिवा लागतोय, म्हणजे हे कारण बाद. दुसरं, गार द्रवातून करंट कमी जातो. ढोबळमानानं दर अंशामागे दोन टक्क्यांचा फरक पडतो. काड्या स्वच्छ असतील तर या फरकानं काही बिघडत नाही. पण काड्यांवर थर बसला असेल, किंवा कपलरमध्ये हिरवा गंज असेल, तर आधीच जेमतेम जाणारा करंट पहाटे मर्यादेखाली जातो आणि मीटरला वाटतं टाकी रिकामी. दहा-पंधरा मिनिटांत कूलंट तापतं, करंट वाढतो, दिवा जातो. लग्नाहून परतताना गाडी तीन-चार तास गारठ्यात उभी होती तेही यात बसतं.

गाडी धुतल्यावरचा एक प्रसंग वेगळा आहे. कपलरमध्ये पाणी शिरलं तर या प्रकारात उलट ‘टाकी भरलेली’ असं वाचलं जायला हवं, कारण दोन पिनांमध्ये पाण्यानं वाट मिळते. तेव्हा तिथे पाण्यानं नाही, पाइपच्या जोरानं कपलर हलल्यानं दिवा लागला. पहिल्या मिस्त्रीनं कपलर काढून लावल्यावर दोन दिवस बरं वाटलं तेही त्याकडेच बोट दाखवतं. म्हणून सुरुवात कपलरपासून करा. किल्ली काढून तो ओढा, आतल्या पिना टॉर्चनं बघा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, वाळू द्या, ‘टक’ आवाज होईपर्यंत लावा. आवाज झाला नाही तर खटका तुटलाय.

एवढ्यानं दिवा थांबला नाही तर पुढची तपासणी एका थंड सकाळी, दिवा लागलेला असतानाच करा. दिवा नसताना केलेली तपासणी वाया जाते आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच होतं. तुम्ही अकरा वाजता पोचता, गाडी गरम, दिवा गायब, मिस्त्री खांदे उडवतो. किल्ली बंद करून कपलर काढा आणि वायरच्या बाजूच्या दोन भोकांना बारीक तारेनं एकमेकांशी जोडा. किल्ली फिरवा. दिवा गेला तर वायरिंग आणि मीटर दोन्ही निर्दोष, खोटं बोलतोय तो सेन्सर. तार जोडूनही दिवा तसाच राहिला तर वायर मध्ये कुठेतरी तुटली आहे किंवा उंदरानं कुरतडली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात इंजिनाखाली उंदीर बिऱ्हाड करतात हे तुम्हाला सांगायला नको. मीटर बदलणं हे अगदी शेवटचं. काही गाड्यांत थेट तार चालत नाही, ठरावीक रेझिस्टर लागतो, आणि भोपळ्याच्या प्रकारात कुठे जोडल्यावर दिवा लागतो तर कुठे जातो. ते त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत बघूनच करायचं.

कोणी मल्टिमीटर काढून काड्यांमधला रोध मोजायला लागला तर त्याला करू द्या, पण आकड्यावर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर एकाच दिशेनं करंट देतो, त्यामुळे काड्यांवर बारीक बुडबुडे आणि आवरण धरतं आणि आकडा सरकत राहतो. आकडा ठरत नाही म्हणून चांगला सेन्सर फेकलेला मी पाहिलाय.

काड्यांवर थर येतो कशाचा? इंदुरात नर्मदेचं पाणी १९७८ साली आलं, पण अजून अर्ध्या शहराच्या घरी बोअरिंग आहे आणि माळव्याच्या काळ्या दगडातलं ते पाणी जड. कुकरच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये बसतो आणि तोच या काड्यांवर. आमच्या उमेदवारीच्या काळात तर जीपचा रेडिएटर पाझरला की ड्रायव्हर लोक मूठभर हळद टाकायचे. हळद फुगून भोक बुजवायची, जीप घरी पोचायची, आणि पुढची दोन वर्षं रेडिएटरमधून पिवळा चिखल निघायचा. हल्लीच्या गळती बंद करणाऱ्या पुड्या ही तीच हळद, फक्त डबा चकचकीत. काड्यांच्या सेन्सरला ती विषच.

तुमच्या आरओच्या पाण्याचं म्हणाल तर घाबरू नका, खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही. त्यात क्षार कमी म्हणजे थर बसत नाही हे चांगलंच, पण त्यातून करंटही कमी जातो, आणि कूलंटमधली गंजरोधक औषधं पातळ होतात ती वेगळीच. सहा लिटरांत अर्धा लिटर पडलं तर फार फरक नाही, सवय लावू नका एवढंच. कूलंट शेवटचं कधी बदललं ते तुम्ही लिहिलं नाही. पाच वर्षं उलटली असतील तर आता सगळंच काढून नवीन भरा. पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचं, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर. रंग बघून घेऊ नका. गुलाबी म्हणजे अमुकच प्रत असा काही नियम नाही, आणि दोन वेगळ्या जातींची औषधं एकत्र आली तर साका धरतो. भरल्यावर हवा नीट काढून घ्या, नाहीतर अडकलेला बुडबुडा दोन दिवसांनी सुटेल, पातळी उतरेल आणि दिवा परत लागेल, या वेळी खरा.

एक गोष्ट मात्र नीट बघा. टाकी उघडाल तेव्हा बोटाला किंवा पांढऱ्या फडक्याला तेलकट लागतंय का? तेलाचा तवंग काड्यांवर बसला की करंट तुटतो आणि टाकी काठोकाठ असली तरी दिवा लागतो. अशा वेळी पातळीबद्दल दिवा खोटा, पण गाडीबद्दल खरा. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या सीलमधून) इंजिन ऑइल कूलंटमध्ये जातंय असा त्याचा अर्थ. हेड गॅस्केटचा संशय असेल तर एक निळ्या रंगाच्या औषधाची नळी टाकीच्या तोंडावर धरून तपासतात. इंजिनातला धूर कूलंटमध्ये येत असेल तर औषध पिवळं पडतं. तवंग दिसला तर मुंजीला रेल्वेनं जा.

राहिला चौथा मिस्त्री. तपासणीसाठी तार जोडणं पाच मिनिटांचं, जोडून तशीच सोडणं म्हणजे २००९. त्याला नमस्कार सांगा.

पुन्हा त्याच भगिनींचं पत्र : मुंजीची तारीख जवळ होती म्हणून वरचं उत्तर त्यांना आधीच टपालानं पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांनी जे कळवलं ते त्यांच्याच शब्दांत देतो. ‘गाडी हलवायला शेजारच्या मुलाला बोलावलं, पातळी हिंदकळली. चिकटपट्टीपासून आठ सकाळी केसभरही फरक नाही. दाबाची तपासणी करून घेतली, वीस मिनिटं काटा उतरला नाही. कपलरचा खटका खरंच तुटलेला निघाला. सध्या प्लॅस्टिकची पट्टी आवळून पक्का केलाय, धुतल्यावर दिवा लागला नाही. पण सकाळचा दिवा चालूच. मग परवा सकाळी सहा वाजता, मोबाइलवर बाहेर ११ अंश दाखवत होतं, दिवा लागलेला असताना तार जोडली. गेला. काढली, परत लागला. तीनदा करून पाहिलं, शाळेतली सवय. टॉर्चनं आत बघितलं तर एक काडी चकचकीत आणि दुसरीवर पांढुरका-तपकिरी थर. तेलकट काही नाही. आता टाकी काढून काड्या घासून घेऊ की नवीन घालू? आणि मुंजीला जाऊ ना?’

ताई, टाकी नवीन घाला. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून मऊ ब्रशनं काड्या साफ होतात, मी पुष्कळ केल्यात, आणि नवीन टाकी मिळेपर्यंत तेवढं चालेलही. पण साडेनऊ वर्षांचं प्लॅस्टिक काढता-घालताना तोटीपाशी तडकतं, आणि ते घरी तडकलं तर बरं, सेंधव्याच्या पुढे नको. या टाकीत सेन्सर बुडातच ओतलेला येतो, म्हणजे टाकी बदलली की सेन्सरही नवीन. कूलंट आणि झाकण बरोबरच बदला, कपलरला नवा खटका बसवून घ्या. मग निघायच्या आधी निदान आठ-दहा थंड सकाळी वहीत शून्य येऊ द्या.

मुंजीला खुशाल जा. जाताना मानपूरनंतर उतार आहे, गाडीला त्रास नाही. परीक्षा येताना, निमाडातून माळव्यावर चढताना. डिकीत अर्धं-अर्धं मिसळलेलं दोन लिटर कूलंट आणि टॉर्च ठेवा. घाटात ट्रकच्या मागे अडकून तापमान वाढायला लागलं तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर सोडा, काचा उघडा. इंजिनाची उष्णता थोडी केबिनमध्ये निघून जाते. घाम येईल, हेड वाचेल. आणि आता नव्या टाकीवर लाल दिवा लागला तर तो खरा समजून बाजूला थांबा.

प्रश्न : माझी १४ वर्षांची हॅचबॅक आहे, तिला कूलंटच्या पातळीचा दिवाच नाही. बाटली मात्र कायम भरलेली असते. मग मी निर्धास्त ना?

— एक वाचक, देवास

उत्तर : नाही. ‘कायम’ हा तुमचा शब्दच मला खटकतो. तुमच्या गाडीतली बाटली वरच्या पत्रातल्या टाकीसारखी दाबाखाली नसते. दाब रेडिएटरच्या झाकणावर असतो आणि बाटली बाजूला एका बारीक नळीनं जोडलेली. गाडी तापली की जादा कूलंट नळीतून बाटलीत येतं, गार झाली की रेडिएटर ते परत ओढून घेतो. म्हणजे बाटलीतली पातळी संध्याकाळी थोडी वर आणि सकाळी थोडी खाली दिसायला हवी. ती हलतच नसेल तर परत ओढणं बंद पडलंय. रेडिएटर रिकामा होत असतो आणि शेजारी बाटली भरलेलीच दिसते.

उद्या सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट तोंडापर्यंत काठोकाठ हवं. खाली असेल तर झाकणाचं रबर आणि त्याच्या मधली छोटी झडप बघा. रबर कडक झालेलं असेल किंवा झडप चिकटली असेल तर ओढ लागत नाही. झाकण बरं असेल तर नळी बघा, दोन्ही टोकांना चिरलेली असते आणि कूलंटऐवजी हवा ओढते. आधी झाकण बदला, ते सोपं. तरी आठ दिवसांत पातळी हलली नाही तर नळी बदला. आणि दोन्ही बदलूनही रेडिएटर खाली जात राहिला, तर दाबाचा पंप लावून गळती शोधायला हवी.